फ्रान्सचा वाईन मेळा : रोहा-धाटावच्या शेतकऱ्याने त्यातून काय घ्यावे?

रोहा तालुक्यात द्राक्षाचा मांडव औषधालाही सापडणार नाही. अशा भागातील वाचकांपुढे फ्रान्समधील वाईन मेळ्याचा विषय मांडला, तर 'याचा आमच्याशी संबंध काय?' असा प्रश्न आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. हा लेख वाईन प्यावी म्हणून लिहिलेला नाही आणि रोह्यात द्राक्षे लावावीत म्हणूनही नाही. छोटा बागायतदार आपला माल आपल्याच नावाने गिऱ्हाइकाच्या हाती कसा देतो, हे समजून घेण्यासाठी हा मेळा उपयोगी आहे.

धाटाव परिसरातील चित्र आपणांस ठाऊक आहे. एका बाजूला औद्योगिक वसाहतीची धुराडी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे. घरातील एक मुलगा कंपनीत पाळीवर जातो, दुसरा शेती पाहतो. पगार महिन्याला ठरलेला असतो, शेतीचा पैसा मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर येतो. आंबा पेटीत भरून वाशीला जातो आणि भाव तेथे ठरतो. जांभूळ, करवंद, रातांबा यांची तर मोजदादही होत नाही. मे महिन्यात कोलाड-नागोठणे रस्त्याच्या कडेला आदिवासी भगिनी पानाच्या द्रोणात जांभळे घेऊन बसतात. संध्याकाळपर्यंत विकले ते विकले, उरले ते दुसऱ्या दिवशी पाणी सुटून वाया जाते. माल चांगला असूनही त्याला नाव नाही, ही खरी अडचण आहे. नाव नसलेल्या मालाचा भाव घेणाराच ठरवितो.

मेळा कसा असतो?

फ्रान्समध्ये स्वतंत्र द्राक्ष-वाईन उत्पादकांचा एक महासंघ आहे. तेथील भाषेत द्राक्षबाग कसून स्वतः वाईन करणाऱ्यास 'व्हिन्यरों' म्हणतात. १९७८ साली स्थापन झालेल्या या महासंघाचे सुमारे सात हजार सभासद आहेत. पाठीवर पिंप वाहून नेणारा माणूस ही त्यांची खूण असून ती सभासदांच्या बाटल्यांवर छापलेली असते. हा महासंघ पॅरिस, लिऑन, लील, स्ट्रासबुर्ग अशा शहरांतून दरवर्षी मेळे भरवितो. त्यांपैकी पॅरिसच्या पोर्त द व्हर्साय या प्रदर्शन मैदानावरील मेळा सर्वांत मोठा. तो नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे भाताची झोडणी उरकून वालाची पेरणी चालू असते त्या सुमारास भरतो.

समजा, आपण त्या मेळ्यात गेलात. दारात तिकिटाबरोबर एक काचेचा पेला मिळतो. आत लांबच लांब रांगांमध्ये शेकडो टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर चार-सहा बाटल्या, एक छापील दरपत्रक आणि मागे स्वतः बागायतदार, त्याची पत्नी किंवा मुलगा. भाड्याने आणलेला विक्रेता सहसा नसतो. आपण पेला पुढे केला की तो दोन-तीन घोट ओततो आणि बोलू लागतो : ही बाग उतारावर आहे, माती चुनखडीची आहे, वेली वडिलांनी लावल्या, त्या वर्षी पाऊस उशिरा आला.

चव घेण्याची रीतही शिस्तीची असते. आधी हलकी पांढरी, मग गुलाबी, नंतर लाल आणि शेवटी गोड वाईन. गोड आधी घेतली तर पुढची प्रत्येक आंबट आणि पातळ लागते. टेबलावर थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. जाणकार गिऱ्हाईक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतो, कारण दिवसभरात पन्नास चवी घ्यायच्या तर गिळून चालत नाही. यात कोणाला संकोच वाटत नाही. परतताना लोक दोन चाकांच्या ढकलगाडीवर सहा-सहा बाटल्यांची खोकी लादून नेतात.

बागायतदाराची खरी कमाई त्या दिवसाच्या विक्रीपुरती नसते. त्याच्याजवळ एक वही असते. तीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि त्याने काय घेतले हे लिहिले जाते. पुढच्या वर्षी मेळ्यापूर्वी त्याला पत्र जाते. अशी वर्षानुवर्षे येणारी घरे हाच त्या बागेचा आधार असतो.

पाच कामे एका हाती

या महासंघाच्या सभासदाला एक सनद पाळावी लागते. आपल्या भाषेत तिचा सारांश असा : स्वतःची बाग स्वतः कसायची, स्वतःची द्राक्षे तोडायची, त्यांची वाईन स्वतः करायची, ती आपल्याच तळघरात बाटलीत भरायची आणि आपणच विकायची. कसणे, तोडणे, बनविणे, भरणे आणि विकणे अशी ही पाच कामे.

आता ही फूटपट्टी आपल्या शेताला लावून पाहा. रोहेकर शेतकरी कसतो आणि तोडतो. तेथे आपले काम संपते. बनविणे, भरणे आणि विकणे ही तीन कामे दुसरा करतो व त्या तीन कामांचा पैसाही तोच घेतो. गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभर रुपयांपैकी आपल्या हाती किती येतात, याचा हिशोब एकदा प्रत्येकाने आपापल्या पिकासाठी मांडावा.

ही पाच कामे कोणी केली हे फ्रान्समध्ये गिऱ्हाइकाला कळू शकते. अनेक बाटल्यांच्या बुचावरील टोपणावर एक छोटे अक्षर असते. 'आर' असेल तर द्राक्ष पिकविणाऱ्यानेच बाटली भरली, 'एन' असेल तर व्यापाऱ्याने भरली. शांपेन प्रांतात तर लेबलवरच 'आर.एम.', 'एन.एम.' अशी अक्षरे छापतात. पहिले म्हणजे बागायतदाराने स्वतः केलेली, दुसरे म्हणजे व्यापारी पेढीने केलेली. व्यापाऱ्याची वाईन वाईट असे यातून सूचित होत नाही. आपण कोणाकडून घेतो आहोत हे गिऱ्हाइकाला कळावे, एवढाच हेतू.

ही व्यवस्था कशातून आली?

ही शिस्त सरकारने सुखासुखी दिलेली नाही. १८६० च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर फायलॉक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड आली. अमेरिकेतून आलेल्या या किडीने लाखो एकर बागा वाळल्या. अखेर अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम बांधण्याचा उपाय सापडला. आपल्या राज्यातील द्राक्ष बागायतदार आज डॉगरीज खुंटावर कलम करतात ते क्षार व पाण्याचा ताण सोसावा म्हणून. तंत्र तेच, कारण वेगळे.

मधल्या टंचाईच्या काळात व्यापाऱ्यांना बेदाण्याची आणि साखर-पाण्याची वाईन विकण्याची सवय लागली. बागा पुन्हा उभ्या राहिल्या तरी भेसळ थांबली नाही. भाव कोसळले. १९०७ साली दक्षिण फ्रान्समधील बागायतदार रस्त्यावर उतरले. ९ जून १९०७ रोजी माँपेलिए शहरात पाच लाखांवर लोक जमले. त्याच महिन्यात नार्बोन गावी सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. त्यानंतर महिनाअखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला आणि प्रत्येक बागायतदाराने किती वाईन झाली हे जाहीर करणे बंधनकारक ठरले. पुढे १९३५ साली गावाचे नाव कोणत्या मालाला लावता येईल याची कायदेशीर व्यवस्था उभी राहिली. गावाच्या नावाने माल विकायचा तर त्याच हद्दीतला, ठरलेल्या वाणाचा आणि ठरलेल्या मर्यादेत पिकविलेलाच असला पाहिजे.

आपल्याकडे याच धर्तीचा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला व २००३ पासून अमलात आला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. हापूसच्या त्या मानांकनात आपला रायगड जिल्हाही आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये मानांकन मिळाले. खंडाळे, कार्ले, नेहुली भागातील माळेत गुंफलेला हा कांदा आपण जाणताच. त्याच्या नावावर इतर ठिकाणचा पांढरा कांदा विकला जात असे, ही तेथील शेतकऱ्यांची तक्रार जुनीच आहे. फ्रान्सच्या बागायतदाराचे दुखणे आणि खंडाळ्याच्या कांदेवाल्याचे दुखणे एकच आहे.

नाशिकचा धडा

महाराष्ट्रात आधुनिक वाईनची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगाव परिसरात फ्रेंच तंत्रसाहाय्याने झाली. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, करात सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. अनेक शेतकऱ्यांनी करारावर वाईनची द्राक्षे लावली.

वाईनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षाहून वेगळे असते. मणी लहान, साल जाड, आत बी. साखर बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत चढू द्यावी लागते, कारण रसातील दर लिटरला सुमारे सतरा ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते. चांगल्या प्रतीसाठी उत्पादनही मुद्दाम कमी ठेवतात. असे द्राक्ष खाण्याच्या बाजारात कोणी घेत नाही. २००८-०९ च्या मंदीत वाईनचा खप घसरला तेव्हा काही कारखान्यांनी माल उचलला नाही, काहींचे पैसे थकले. पिकलेला माल दुसरीकडे विकता येईना. कित्येक शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक असते, तो माल खऱ्या अर्थाने शेतकऱ्याचा नसतोच, हा त्याचा धडा.

त्याचबरोबर दुसरी गोष्टही नाशिकनेच दाखविली. बागेत येऊन, पाहून, चाखून घेणारे गिऱ्हाईक तयार करता येते. आज मुंबई-पुण्याची माणसे जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत द्राक्षबागा पाहावयास जातात. मात्र थेट विक्रीचा रस्ता सोपा नाही. मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला. त्याला मोठा विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. समाजाला दारूची झळ लागलेली असते. त्या विरोधामागची भावना कोणाही शेतकरी भगिनीला समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून या उद्योगाचा विचार करताना ही बाजू विसरू नये.

आपल्याकडे काय करता येईल?

रोह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या दमट हवेत द्राक्षावर केवडा व करपा आटोक्यात ठेवणे परवडणारे नाही. तेव्हा द्राक्षाचा मोह धरू नये. परंतु दापोलीच्या आपल्या विद्यापीठाने जांभळाची कोकण बहाडोली, कोकमाची कोकण अमृता अशा जाती दिलेल्या आहेत. पालघर जिल्ह्यात बोर्डी येथे चिकूपासून फसफसणारी वाईन करण्याचा उद्योगही उभा राहिला आहे. म्हणजे कोकणच्या फळाला हा रस्ता बंद नाही.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय घरी वाईन करणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. 'थोडीशी करून पाहू' असे म्हणून कोणीही त्यात पडू नये. परवाना, यंत्रसामग्री आणि तीन-चार वर्षे अडकून राहणारे भांडवल यांचा विचार करता एकट्या शेतकऱ्याने प्रथम बिनदारूच्या पदार्थांपासून सुरुवात करावी. अमृत कोकम, कोकम आगळ, जांभळाचा रस, करवंदाचे लोणचे, निवडलेला कडवा वाल, हातसडीचा तांदूळ या प्रत्येकाला सनदेतील पाचही कामे लागू पडतात. अमृत कोकमासाठी एक किलो ताज्या सालीला दोन किलो साखर थरांनी लावून पाक सुटू देणे, हे कोणत्याही घरी जमणारे काम आहे. यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली नोंदणी मात्र अवश्य करावी. रोहा तालुक्यातील किल्ला येथे विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांना भेटून आपल्या मालाविषयी सल्ला घ्यावा.

फ्रेंच बागायतदाराकडून पुढील गोष्टी उचलण्यासारख्या आहेत.

१) लेबलवर गाव, वाडी, जात आणि वर्ष लिहावे. वर्ष लपवू नये. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या बागांवर कडाक्याचे दव गोठून कोवळे फुटवे जळाले. बागायतदार ते वर्ष बाटलीवर छापतो आणि विचारणाऱ्याला कारणही सांगतो. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या बागा आडव्या केल्या. त्यानंतर उभ्या राहिलेल्या झाडाची ही फळे आहेत, असे सांगण्यात कमीपणा नाही. खरे सांगणारा विक्रेता गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो.

२) प्रदर्शनात किंवा आंबा महोत्सवात चव देण्याची शिस्त पाळावी. आधी सौम्य, मग आंबट, शेवटी गोड. मध्ये साधे पाणी द्यावे. सरबत बर्फासारखे थंड करू नये, कारण फार थंडीने चव दबते व माल चांगला असूनही कळत नाही.

३) टेबलामागे घरचे माणूस उभे करावे. ज्याने झाड चढून फळ उतरविले त्याच्याइतके त्या फळाविषयी कोणी सांगू शकत नाही.

४) दरपत्रक छापील ठेवावे. बागेत, मेळ्यात आणि गिऱ्हाइकाच्या दारात एकच दर असावा. घासाघीस करणाऱ्याला एक दर आणि न करणाऱ्याला दुसरा, असे झाले की विश्वास जातो.

५) गिऱ्हाइकांची वही ठेवावी. पहिल्या वर्षी पन्नास घरे नोंदली गेली आणि त्यांतली वीस दुसऱ्या वर्षी परत आली, तर धंद्याचा पाया पडला असे समजावे. परत न आलेल्या तीस घरांना कारण विचारावे.

६) दुसऱ्याचा माल आपल्या नावावर भरू नये. मागणी वाढली की हा मोह होतोच. १९०७ साली फ्रान्सचा बागायतदार याच भेसळीने बुडाला होता.

मर्यादाही ओळखाव्यात

फ्रान्समध्ये सर्व सुरळीत आहे, असा समज करून घेऊ नये. तेथे वाईनचा खप अनेक वर्षे घटत आला आहे. २०२४ मध्ये तेथील शासनाने बागा कायमच्या उपटण्यासाठी हेक्टरी चार हजार युरो मदत जाहीर केली. मेळ्यात टेबल मांडणाऱ्यालाही गाडीभाडे, मुक्काम आणि टेबलाचे भाडे भरावे लागते. शिवाय तेथील 'छोटा' बागायतदार आपल्या मानाने मोठा असतो. कित्येकांची बाग दहा-वीस हेक्टरांची असते. आपली जमीन अर्ध्या-एक हेक्टराची, तीही तुकड्यांत.

म्हणून आपल्याकडे पाचही कामे एकट्याने करण्याचा हट्ट धरू नये. फ्रान्समध्येही वाईनचा मोठा वाटा सहकारी तळघरांतून येतो. दक्षिणेकडील मारोसाँ या गावी बागायतदारांनी १९०१ साली एकत्र येऊन अशी सहकारी संस्था सुरू केली होती. धाटाव, किल्ला, कोलाड परिसरातील दहा-पंधरा शेतकऱ्यांनी किंवा एखाद्या महिला बचत गटाने बनविणे आणि भरणे ही दोन कामे एकत्र केली, तर भांड्यांचा व नोंदणीचा खर्च वाटला जातो. कसणे आणि तोडणे ज्याचे त्याने करावे. विक्री गटाच्या नावाने करावी, पण प्रत्येक बाटलीवर वाडीचे नाव राहू द्यावे, म्हणजे खराब माल कोणाचा आणि उत्तम कोणाचा हे गटालाही कळेल.

येत्या हंगामात एवढेच करून पाहावे. आपल्या बांधावरील एक फळ किंवा एक धान्य निवडावे. पाच कामांचा तक्ता वहीत मांडावा, प्रत्येक कामापुढे ते कोण करतो आणि त्याला किती पैसे मिळतात हे लिहावे. ज्या कामात सर्वांत जास्त पैसा सुटतो आणि जे आपल्याला जमण्यासारखे आहे, असे एकच काम यंदा आपल्या हाती घ्यावे. पुढच्या वर्षी दुसरे. कंपनीत पाळी करणाऱ्या मुलालाही या हिशोबात बसवावे. मालाची मोजदाद, भरण्याची शिस्त आणि नोंदी ठेवण्याची सवय त्याला कारखान्यात लागलेली असते. ती शेतीच्या कामी आली, तर घरातील दोन्ही कमाया एकमेकींना धरून चालतील आणि आपल्या जांभळाला, वालाला, कोकमाला आपल्या गावाचे नाव लागेल.